एक घर पुढे

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. आ.

चार वर्षांनी तुला पत्र लिहितोय, तेव्हा अक्षर ओळखून तू आधी पाकीटच उलटसुलट करत बसशील. फाडू नकोस. विषय आईचा आहे.

काल मी घरी जाऊन आलो. तू आदल्याच दिवशी येऊन गेलीस हे आईने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. पलंगावरच्या चादरीचे चारही कोपरे वॉर्डातल्यासारखे दुमडून गादीखाली घट्ट खोचलेले होते. आई म्हणाली की त्या चादरीतून पाय बाहेर काढायला तिला अर्धा तास झगडावं लागतं, पण हे तुला सांगायचं नाही. मी सांगितलं.

डॉक्टरांना दाराबाहेर गाठलं. छातीतलं पाणी काढलं तरी पुन्हा भरतंय. मार्च निघेल, त्यापुढचं मी बोलत नाही, असं ते म्हणाले. तू नर्स आहेस, तुला हे माझ्याआधी दिसलं असणार. मला काल दिसलं. परत येताना गाडीत माझ्यासमोर एक बाई बसली होती, तिने दोनदा विचारलं की तुम्हाला बरं वाटत नाही का.

आईने औषधाची बाटली बाजूला सारून एकच गोष्ट मागितली. आपण दोघं एकाच दिवशी तिच्यासमोर बसलेली तिला बघायची आहेत. एकदाच. बाबा गेले त्या आठवड्यानंतर तिने आपल्याला एकत्र पाहिलेलं नाही. भांडलात तरी चालेल, पण माझ्यासमोर बसून भांडा, असं म्हणाली.

माझं तुला ठाऊकच आहे. काचेची भट्टी विझवता येत नाही, आत काच गोठली तर भट्टीच कामातून जाते. आमची टोळी पाच दिवस भट्टीपुढे आणि सहाव्या दिवशी सुट्टीवर. अख्खी टोळी एकत्र हलते, एकट्याला दिवस बदलून मिळत नाही. रजा दोनच कारणांना, स्वतःचं लग्न आणि घरातलं मरण. आईच्या आजारपणासाठी मागितली तर कारकून म्हणाला की आजारपणाला रकाना नाही. माझे दिवस असे : फेब्रुवारीत ९, १५, २१, २७ आणि मार्चमध्ये ५, ११, १७, २३, २९. तुझे कळव. एक तरी दिवस जुळेलच.

लोभ असावा असं लिहिण्याचा हक्क माझ्याकडे उरला आहे की नाही माहीत नाही. हात सवयीने लिहून जातो.

तुझा,
दादा

---

८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाकीट फाडलं नाही. दोन दिवस औषधांच्या कपाटावर ठेवलं, मग उघडलं.

चादर तशीच खोचावी लागते. आई झोपेत कुशीवर वळली की तिला धाप लागते. पाय काढायला अर्धा तास लागत असेल तर तेवढा वेळ ती पडून राहते, हे माझ्या फायद्याचंच आहे. तिला हे सांगू नकोस. तू सांगशीलच म्हणा, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

आमच्याकडे चाळीस खाटा आणि आठ नर्स. कामाच्या तक्त्यात प्रत्येकीचा एक रकाना आहे, आणि आठ दिवसांतून एक सुट्टी. जादा रजेचं नाव काढलं की मेट्रन त्या चाळीस खाटांकडे बोट दाखवते. माझे दिवस फेब्रुवारीत १०, १८, २६ आणि मार्चमध्ये ६, १४, २२, ३०. तुझे आणि माझे दिवस शेजारी शेजारी मांडून बघ आणि काय निघतं ते कळव.

तू दोन वर्षांमागे आईकडे दिलेल्या लोकरीच्या कापडाचं जाकीट मी अजून घालते. तेव्हा आभार मानले नव्हते, आता मानते. वॉर्डात हिवाळ्यात बोटं वळत नाहीत, त्यामुळे त्याचा उपयोग झाला. भट्टीपुढे जळलेल्या तुझ्या भुवया पुन्हा आल्या असतील अशी आशा आहे.

यापेक्षा जास्त लोभ सध्या जमणार नाही.

बारकी

---

१३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

भुवया आल्या आहेत, पण डावी थोडी कमी.

जेवणाच्या सुट्टीत बाटल्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गणित मांडलं. १ मार्चला एक धरलं आणि पुढे महिना न बदलता मोजत गेलो. माझ्या दिवसाला सहाने भागलं की बाकी पाच उरते : पाच, अकरा, सतरा, तेवीस. तुझ्या दिवसाला आठाने भागलं की बाकी सहा : सहा, चौदा, बावीस. जिला सहाने भागून पाच उरतील आणि आठाने भागून सहा, अशी एक संख्या सापडली की काम झालं. सहा आणि आठ यांचा लसावि काढला, चोवीस आला. मग मोजत सुटलो. बावीसला तू, तेवीसला मी. सेहेचाळीसला तू, सत्तेचाळीसला मी. कधी उलट, पाचला मी आणि सहाला तू. दीडशेपर्यंत गेलो, बारके. पुठ्ठा संपला. मधलं एका दिवसाचं अंतर काही मिटत नाही.

नक्की कुठेतरी चुकलंय. बाकी जुळवायला आली की माझी गाडी पहिल्यापासून अडते. आईचा बटणांचा डबा आठवतो ना? चार-चार मांडली की तीन उरायची, पाच-पाच मांडली की चार, सहा-सहा मांडली की पाच. डब्यात किती, असं आई शिलाईचं मशीन थांबवून विचारायची. मी पाठ करून चोरून मोजायला लागायचो, आणि तू बोटही न लावता एकोणसाठ म्हणून मोकळी व्हायचीस. सगळीकडे एकच कमी पडतंय, एक टाकलं की साठ, आणि साठ चारालाही पुरतात, पाचालाही, सहालाही, असं तू मला समजावून सांगितलं होतंस. तू सात वर्षांची होतीस आणि मी अकरा. तेव्हाची लाज अजून गेलेली नाही. म्हणून तुलाच विचारतो, माझं कुठे चुकलं ते बघ. आईकडे आता फार दिवस नाहीत आणि मी इथे पुठ्ठे खराब करतोय.

आणि जाकिटाचं कापड मी दिलेलं नाही. देण्याचं सुचायला हवं होतं, सुचलं नाही. उलट मलाच तुझे आभार मानायचे होते. तू पाठवलेल्या कापडाचा शर्ट आई दर वर्षी मला शिवून देते, चार झाले. ते तूच पाठवतेस ना?

उत्तर लवकर दे. लोभ नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
दादा

---

१९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
पोटभर आशीर्वाद.

काल तू गेल्यावर चादरीचे कोपरे मी शेजारणीकडून सोडवून घेतले. आता धाप लागली तर माझी मी बघेन, आणि लागली नाही तर तुला कळणार नाही.

दादा पंधराच्या खेपेला त्याचा पुठ्ठा इथे विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. आज सकाळी मी रजईच्या चौकडीवर बटणं मांडली. एका चौकोनाला एक दिवस. पांढरी बटणं दादाची, दर सहाव्या घरात एक. काळी तुझी, दर आठव्या घरात एक. तुम्ही लहान असताना मी कापडाच्या एका कडेला सहा-सहा बोटांवर आणि दुसऱ्या कडेला आठ-आठ बोटांवर खडूच्या खुणा करून दाखवायचे. चोविसाव्या बोटावर दोन्ही खुणा समोरासमोर यायच्या आणि दादा टाळ्या वाजवायचा. पण तेव्हा दोन्ही कडा एकाच टोकापासून सुरू केलेल्या असायच्या. इथे तुझी कड एका घराने सरकलेली आहे.

दादाचं काही चुकलेलं नाही. पांढरी सगळी पाच, अकरा, सतरा अशा विषम घरांत पडतात आणि काळी सगळी सम घरांत. सहाही सम, आठही सम. दोघांच्या उड्या सम असल्या की विषम घरातून निघालेला विषमातच उतरणार आणि समातला समातच. रजई गावभर अंथरली तरी तुम्ही एका घरात येत नाही. मी नुसती शिलाई करणारी बाई, मला हे दिसायला पाच मिनिटं लागली.

काल तुला विचारलं तर तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस की गणित आता आठवत नाही. जिभेवर उत्तर असलं आणि द्यायचं नसलं, की तू अगदी लहानपणापासून बाहेर बघतेस. मी काही विचारत नाही. विचारण्याचं वय गेलं आणि दमही पुरत नाही. फक्त एक काळं बटण एक घर पुढे सरकव. तुला जमेल तसं सरकव, पण लवकर.

कापडाची भानगड तुम्हा दोघांना कळलीच आहे, तर सांगून टाकते. सगळी कापडं मीच आणली. दादाने तुझी चौकशी केली आणि तू दादाची, हेही माझंच. चार वर्षं दोघांच्या वतीने बोलून मी फार दमले गं.

माझा लोभ तुला मागावा लागत नाही. तुमचा एकमेकांवर असावा, एवढंच मागते.

तुझी,
आई

---

२३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं गणित बरोबर आहे. चूक माझी आहे, आणि ती चूकही नाही, मी ते जाणूनबुजून केलं.

चार वर्षांमागे, बाबांना जाऊन महिना झाला असेल, वॉर्डाचा नवा तक्ता लागला. आठ रकाने होते. मी सगळ्यांत जुनी, म्हणून मेट्रनने कोणता हवा ते मला आधी विचारलं. तुझ्या टोळीचे दिवस मला पाठ होते. मी कागदाच्या कोपऱ्यावर आकडे मांडले. आठांपैकी चार रकाने असे होते की त्यांना तुझी सुट्टी कधी ना कधी लागली असती, आणि चार असे की कधीच लागली नसती. त्या दुसऱ्या चारांतला एक मी घेतला. भेटी कमी व्हाव्यात एवढंच मला पुरत नव्हतं, ती चुकूनही होऊ नये असं हवं होतं. आईच्या बटणांवर शिकलेलं मी यासाठी वापरलं. तिने विचारलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते, आणि तिला कळत होतं.

तू आलास तोवर बाबांचं सगळं उरकलं होतं. तुझा बाप ती भट्टीच आहे, तिच्याकडेच परत जा, असं मी तुला दारात सगळ्यांदेखत म्हणाले. बाबा शेवटचे दोन तास तू आलास का ते विचारत होते आणि उत्तर देणारी मी एकटी होते. म्हणून म्हणाले. माफी मागायला नेमकं कुठून सुरुवात करावी ते मला अजून सुचलेलं नाही, म्हणून आधी कामाचं लिहिते.

तुझ्याशी जुळणारे चार रकाने म्हणजे पाच, अकरा, सतरा आणि तेवीस तारखेचे. पहिल्या तिघींना मी विचारलं. एक मेट्रनच आहे, ती आपला रकाना बदलत नाही. दुसरीने सरळ नाही म्हटलं. तिसरी स्वतःच आजारी पडली आहे, माझ्या जागी ती येऊ शकत नाही. राहिली तेवीसवाली. तिच्या मुलीच्या पायावर उपचार चालू आहेत आणि त्याच दिवशी ती मुलीला घेऊन जाते. तिच्यापुढे मी खूप गयावया केली. शेवटी ती फक्त एका फेरीपुरती हो म्हणाली. बावीसची माझी सुट्टी ती घेईल, तेवीसची तिची मी.

तेवीसला सहाने भागलं की बाकी पाच, आठाने भागलं की बाकी सात. दोन्हीकडे एक कमी, म्हणजे चोवीसातून एक वजा. तुला समजावून सांगितलेलंच आहे ते. मार्चमध्ये हा एकच दिवस आहे, दादा. मी सकाळी आठला पोहोचते.

राग केलास तर तो मला पोचेल. पण तेवीसला ये.

बारकी

---

२८ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं तेव्हा हातात गरम बाटली असती तर फेकली असती. चार वर्षं मी गाडीत बसून विचार करायचो की आपलं नशीबच असं की नेहमी हिचा कप विसळलेला सापडतो आणि ही सापडत नाही. नशीब नव्हतं, तू होतीस. टोळीतले म्हणाले, भट्टीपेक्षा हाच जास्त तापलाय.

मग माझंही एक तुला सांगायचं राहिलंय ते आठवलं. बाबांचा निरोप मला दुपारी बाराला मिळाला होता. मुकादम म्हणाला, आत्ताच्या आत्ता नीघ, तुझी जागा मी बघतो. मी म्हणालो, पाळी संपवून जातो. काच उतू चालली होती हे खरं, पण ते कारण नव्हतं. मला बाबांना तशा अवस्थेत बघायची भीती वाटली. पाळी संपेपर्यंत दुपारची गाडी गेली होती. भट्टीने मला अडवलं नव्हतं. तू दारात जे बोललीस ते मी खाली मान घालून ऐकलं, ते एवढ्यासाठी.

तेवीसला मी येतोय. सकाळी नऊची गाडी, तू एक तास आधी असशील. चादरीचे कोपरे आपण दोघं मिळून काय करायचे ते ठरवू.

लोभ ठेव, अर्धा ठेवलास तरी पुरेल.

तुझा,
दादा

---

१८ मार्च

चि. दादास,
खूप खूप आशीर्वाद.

काल तू गेलास आणि मी लगेच झोपले, म्हणून निरोप नीट दिला नाही. अक्षर वाकडं येतंय ते समजून घे. पाटी छातीवर ठेवून लिहिते आहे, तिचंही ओझं वाटतं.

रजईवरचं रोज सकाळी एक घर मागे टाकते. पाच घरं राहिली. तेविसाव्या घरात पांढरं आणि काळं एकावर एक ठेवलं आहे. शेजारीण झाडायला आली की मी आधी ओरडते, हात लावू नको. तिला वाटतं म्हातारीला भ्रम झाला. तिला दोन कप घासून ठेवायला सांगितले आहेत. खुर्च्या दोनच आहेत, तेव्हा भांडण झालं तर उठून जायला कुणाला जागा नाही, हे मी बघून ठेवलं आहे.

तुझा या वर्षीचा शर्ट मशीनवर आहे. बाह्या पलंगावर बसून हाताने टाचल्या. सहापैकी पाच बटणं लावून झाली. सहावं तेवीसला तुझ्या अंगावर मापून लावते. कापड माझंच आहे, पण तू बारकीचं समज. इतक्या वर्षांची सवय आता मोडायला नको.

मला खरं तर भीती वाटते, दादा. रात्र फार लांब होते. पण पाचच घरं आहेत, आणि मी मोजणीत कधी चुकत नाही.

तुमच्या दोघांच्या लोभाची वाट बघणारी,
आई

---

२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तीन दिवस आपण एका छपराखाली होतो आणि कामापुरतंच बोललो. कपाट कुणी आवरायचं, डॉक्टरांचा कागद कुठे आहे, शेजारणीची भांडी कोणती. जे बोलायचं ते मला अजूनही कागदावरच येतं.

मी तेवीसला आठला पोहोचले तेव्हा शेजारीण पायरीवर बसली होती. तिने आदल्या संध्याकाळी वॉर्डाला फोन केला होता, पण मी तोवर निघाले होते. नऊला तू फाटकातून आत आलास, आणि मी दारात उभी होते, चार वर्षांपूर्वीसारखी. तुझ्या हातात सामानाची पिशवी होती. तू माझ्याकडे बघितलंस आणि पिशवी खाली ठेवलीस. सांगावं लागलं नाही.

शेजारणीने मला जे सांगितलं ते तुला सांगितलेलं नाही, ते आता लिहिते. बावीसला सकाळी आईने तारीख विचारली. बावीस म्हटल्यावर म्हणाली, मग आज बारकी येणार, मला दाराकडे तोंड करून बसव. शेजारणीने आठवण करून दिली की ती उद्या येणार आहे, दोघं उद्या येणार आहेत. आई थोडी हसली आणि म्हणाली, हो, मीच तिला एक घर पुढे सरकवलं. तरी ती दाराकडेच तोंड करून बसून राहिली. दुपारी सव्वातीनला गेली. मुठीत एक पांढरं बटण होतं. शेजारणीने ते मला दिलं, ते माझ्या खिशात आहे.

बावीसला सव्वातीनला मी एकोणीस नंबरच्या खाटेवरच्या आजींचं अंग पुसत होते. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, सोडत नव्हत्या. मला आठवतंय, कारण मी मनात म्हणत होते की उद्या, उद्या. तो दिवस माझा होता, दादा. चार वर्षं मी तो तुझा राग करून सांभाळला आणि तुझ्याशी जुळवून घ्यायचं ठरवलं त्याच फेरीला देऊन टाकला. रागात राहिले असते तर तिच्याजवळ असते. हे मी कितीही वेळा मांडलं तरी दुसरं काही उरत नाही.

तीन दिवसांची रजा मागताक्षणी मिळाली. मेट्रन म्हणाली, मरणाला वेगळा रकाना आहे.

लोभाचं मला आज काही लिहिता येत नाही.

बारकी

---

३१ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी काल वाचलं आणि परत पाकिटात घातलं. आज पुन्हा वाचलं. तू आईचं ऐकलंस, एवढंच मला दिसतं. ती तुला सरकव म्हणाली आणि तू सरकलीस. मला बाबांच्या वेळी मुकादम जा म्हणाला होता आणि मी हललो नाही. दोन्हींचा हिशेब एकच लागला, तेव्हा माझं डोकं चालेनासं होतं.

मी सव्वातीनला काय करत होतो ते आठवायचा प्रयत्न केला. बाटल्या मोजत होतो बहुधा. मला काहीही जाणवलं नाही. काहीतरी जाणवायला हवं होतं असं रोज वाटतं.

आता घराचं. मालकाला वीस एप्रिलच्या आत खोली रिकामी हवी आहे. मशीन, पलंग, दोन खुर्च्या, भांडी. मी पुन्हा मोजलं. तेवीसच्या पुढे चोवीस म्हणजे सत्तेचाळीस, म्हणजे १६ एप्रिल. तुझा नवा रकाना तसाच राहिला असेल तर त्या दिवशी आपण दोघं तिथे असू. वीसच्या आत तेवढाच एक आहे. आईने मागितलेलं तिला मिळालं नाही, पण तिने ते मागितलं तरी होतं. ये, म्हणजे मला त्या घराला एकट्याला कुलूप लावावं लागणार नाही. मला ते होईलसं वाटत नाही, बारके.

शर्ट मशीनवरच राहिला आहे. घालावासा वाटला नाही. वरून दुसरं बटण नाही त्याला. ते तुझ्या खिशात आहे.

तुझा लोभ आता मला खरोखरच लागेल.

दादा

---

६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सोळाला जमत नाही. तेवीसचा रकाना एकाच फेरीचा होता. तिला पुन्हा विचारलं. ती रडायला लागली. ती एक खेप चुकली आणि मुलीचा पाय मागे पडला, म्हणाली. मेट्रनकडे गेले. तिने तक्ता दाखवला, मार्चमध्ये तीन दिवस नुकतेच दिलेत. घर रिकामं करण्याला रकाना नाही. मी परत सम घरांत आले आहे. या वेळी मी स्वतः निवडलं नाही, तरी तिथेच आले.

म्हणून असं करू. मी पंधराला, म्हणजे तुझ्या मोजणीतल्या सेहेचाळीसला येते, तू सोळाला ये. भांडी आणि कपाट मी बांधून ठेवीन. पलंग आणि मशीन तुझ्याकडे, ते मला उचलायचं नाही. बटणांचा डबा तू ने. मी तो उघडणार नाही, त्यात किती उरली ते मला कळायला नको आहे. कुलपाची किल्ली शेजारणीकडे असेल. शेवटचं कुलूप तुलाच लावावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. मी खूप मांडून बघितलं.

खिशातलं बटण मी पंधराला शर्टाला लावीन. आईसारखं चार वेळा दोऱ्याचा वेढा देऊन लावीन, निघणार नाही. शर्ट खुर्चीच्या पाठीवर असेल. आईने चार शर्ट माझ्या नावावर दिले, त्यांतला एकही माझा नव्हता. हा थोडा माझा आहे. सोळाला तो घाल आणि मग कुलूप लाव.

पलंग मोडायच्या आधी तुला घटकाभर पडावंसं वाटेल, म्हणून चादर घालून ठेवते. कोपरे खोचणार नाही.

माझा लोभ तुला तिथेच सापडेल, एक दिवस जुना.

तुझी,
बारकी